नंबराचा कोपरा

भर दुपारी गुलालाने माखलेल्या एका हाताने मागून माझे केस पकडले, माझं तोंड अंगणाकडे वळवलं आणि माझ्याच पत्रकाचा कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"वाच," तो म्हणाला. "तूच लिहिलंयस ना? मोठ्याने वाच."

मी वाचलं. हे आधीच सांगून टाकते. गेल्या काही वर्षांत ही हकिकत मी सभांमधून पुष्कळदा सांगितली. केस ओढल्याचं सांगितलं, मार खाल्ल्याचं सांगितलं, लोक हळहळले. वाचल्याचं कधीच सांगितलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. महापालिकेची निवडणूक होती, कागदाच्या मतपत्रिका आणि लोखंडी पेट्यांची. आम्ही वर्तकनगरला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहायचो. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, कोलशेत रोडवरच्या एका कंपनीत फिटर. मी कॉलेजात कमी आणि आमच्या गटाच्या कामात जास्त. गट म्हणजे पाच-सहा पोरंपोरी, एक भाड्याची सायकल आणि एक खळीची बादली. पत्रकं लिहायचं काम माझं. मला ते जमायचं. 'बंधू-भगिनींनो' म्हणून सुरुवात करायची आणि चौथ्या ओळीला वाचणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची, ही माझी पद्धत.

मावशी म्हणजे आमची मासेवाली, कोलशेतच्या कोळीवाड्यातली. आठवड्यातून तीनदा डोक्यावर पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगला यायची आणि जिन्याखाली बसून मासे साफ करून द्यायची. आई तिच्यासाठी रद्दीचे पेपर साठवून ठेवायची. मासळी बांधण्याआधी मावशी पेपर उलटसुलट करून बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळायचं. देवाचा फोटो दिसला की दोन बोटांनी तेवढाच नेमका फाडून काढायची आणि आईच्या हातात द्यायची. "ह्यो ठेव, ह्याला वास नको." मग उरलेल्या कागदात बोंबील. फाडावं तर तिनेच. कात्रीने कापल्यासारखा तुकडा निघायचा, बाजूचं अक्षरसुद्धा दुखावायचं नाही.

खाडीकिनारी भराव टाकण्याचा धंदा करणारा एक माणूस होता. लोक त्याला शेठ म्हणायचे, मी पत्रकात भराववाला लिहायचे. त्याचे डंपर येऊन तिवरांवर माती ओतायचे, आज जिथे चिखल तिथे चार महिन्यांनी कुंपण. कोळीवाड्याचं बंदर, म्हणजे होड्या लागायची जागा, तेवढी उरलेली. त्याचा भाऊ निवडणुकीला उभा होता. तो निवडून आला की बंदरही भरणार, हे कोणी लपवतसुद्धा नव्हतं. त्याच्या विरुद्ध गावातले एक निवृत्त मास्तर उभे राहिले. मावशीच्या घरची होडी त्याच बंदराला लागायची. बंदर गेलं की होडी गेली, होडी गेली की पाटी. इतकं सरळ होतं ते.

त्या महिन्यात रोज काहीतरी फुटत होतं. मास्तरांच्या पहिल्याच सभेत सोड्याच्या बाटल्या आल्या. बाटली हलवून फेकली की ती जमिनीवर फुटत नाही, हवेतच फुटते. हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या पोटरीत काच गेली, ती आईने चिमट्याने काढली आणि काढताना मला दोन थपडाही दिल्या. मास्तरांच्या पुतण्याला सायकलच्या चेनने मारलं. त्याने शर्ट वर केला तेव्हा पाठीवर चेनची एकेक कडी उमटलेली. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली ती उलट त्याच्यावरच. मलाही मारायचं होतं, खोटं कशाला बोलू. शबनम पिशवीत खळीच्या ब्रशखाली मी एक लोखंडी पट्टी ठेवायचे. ती चालवायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्रकं चालवली.

मग भराववाल्याने कोळीवाड्यात नारळ ठेवला.

गावदेवीच्या देवळात सगळ्या घरांना बोलावून घेतलं. देवीपुढे नारळ, नारळाशेजारी कोयता. प्रत्येकाने नारळाला हात लावायचा आणि भावालाच मत देईन म्हणायचं. कोयता का ठेवलाय, असं एका म्हाताऱ्याने विचारलं, तर त्याला म्हणाले, नारळ फोडायला. सगळ्यांनी हात लावला. मावशीनेही लावला.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पापलेटाची खवलं काढता काढता तिने हे आईला सांगितलं आणि हसली. मी भडकले. शपथ घेतलीस कशी, असं काहीबाही बोलले.

"अगो, नारल त्याचा हुता," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नारलाची शपत लागतं का कदी? आपुन नेला तरच देवी आयकतं. मी मनात बोल्ली, आई, ह्यो माजा नाय. बस. आता पेटीत कोन बगायला येतंय?"

ती निश्चिंत होती. सगळा कोळीवाडा निश्चिंत होता. कोयत्यासमोर खोटं बोलून आलेली माणसं मजेत होती. देवीने शपथ मोजली नाही आणि पेटीत कोणी बघणार नाही, या दोन गोष्टींवर त्यांचा भरवसा होता. पहिलीला मी हात लावू शकत नव्हते. दुसरी मी मोडली.

झालं असं. आमच्या गटातल्या एकाचे वडील सरकारी नोकरीत, निवडणुकीच्या ड्युटीवर जायचे. त्यांच्याकडून मला कळलं की मतपत्रिकेच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. तोच नंबर पुस्तकात उरणाऱ्या तुकड्यावर असतो, आणि त्या तुकड्यावर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहितात, सही नाहीतर अंगठा घेतात. म्हणजे दोन कागद शेजारी ठेवले की कोणी कोणाला मत दिलं ते कळतं. माझं डोकं फिरलं. गुप्त मतदान म्हणतात आणि माणसाच्या मताला गुराला डाग द्यावा तसा नंबर देतात. त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. ते तुकडे वेगळ्या पाकिटात सीलबंद होतात, कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाहीत, आणि मोजताना ते टेबलावर नसतातच. मी वहीत दोन्ही लिहून घेतलं. पत्रकात एकच लिहिलं.

ठाण्यातल्या छापखान्यांनी आमचं काम घेणं बंद केलेलं, कारण एकाचं शटर कोणीतरी कुऱ्हाडीने चिरलं होतं. म्हणून मी डोंबिवलीला गेलेले. तिथे एक वयस्कर गृहस्थ पायाने चालवायच्या जुन्या मशीनवर लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाची निमंत्रणं छापायचे. शुद्ध बोलायचे, चष्मा कपाळावर. माझा मजकूर त्यांनी दोनदा वाचला.

"मुली, हे पाकिटात बंद होत असेल ना कुठेतरी?" त्यांनी विचारलं. "उघड्यावर तर ठेवत नसतील."

मी म्हटलं, होतं बंद. कोर्टाशिवाय उघडत नाहीत.

"मग ते कुठे आहे यात? खाली अजून चार ओळी सहज बसतील. जागा आहे."

"नको काका. जोर जातो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे बघितलं. "जोर," एवढंच म्हणाले आणि खिळे जुळवायला बसले.

ते पत्रक आज माझ्याकडे नाही. पण तोंडपाठ आहे. का, ते पुढे येईल. 'बंधू-भगिनींनो, तुमचं मत गुप्त आहे असं तुम्हाला सांगितलं जातं. मतपत्रिका उलटी करा. पाठीवर नंबर आहे. त्याच नंबरापुढे तुमचा अंगठा आहे. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या हातात तुमचा नंबर. या निवडणुकीला निवडणूक म्हणायचं की शिरगणती?' शेवटच्या वाक्यावर मी खूश होते. वर्तकनगरच्या नाक्यावर आम्ही ते वाटलं, कोळीवाड्यात भिंतींना चिकटवलं. मला वाटलं, लोक चिडतील, सरकारला जाब विचारतील. माणूस चिडायच्या आधी घाबरतो, हे पत्रकं लिहिणाऱ्याला कळत नाही. कारण पत्रक लिहिताना तो घाबरलेला नसतो.

आमचं पत्रक भराववाल्याच्या माणसांनी फाडलं नाही, हेच मला आधी विचित्र वाटलं. उलट एकाने ते भिंतीवरून अलगद सोडवून घेतलं आणि होड्या लागायच्या वेळेला बंदरावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाला, हे आम्ही नाही म्हणत, तुमच्या मास्तरचीच शिकलेली पोरं म्हणतात. शेठकडे मागाहून सगळे नंबर येणार आहेत. ज्याचा नारळ खोटा निघेल त्याने होडी विकून ठेवावी.

दोन दिवसांनी मावशी आली ती पाटी न उतरवताच जिन्याशी उभी राहिली. कमरेला खोचलेलं पत्रक काढून तिने माझ्यापुढे धरलं. त्याला कोळंबीचा वास येत होता.

"पोरी, ह्यो नंबर खरा हाय का?"

इथे मला चार ओळी पुन्हा मिळाल्या होत्या. फुकट. कागद नाही, शाई नाही, नुसतं तोंडाने बोलायचं होतं. पण मीच छापलेलं मीच मऊ कसं करणार? मी म्हटलं, "खरा आहे." वर भाषण दिलं. ती म्हणाली, कोणी बघू शकतो का. मी म्हटलं, कोर्ट बघू शकतं, आणि कोर्ट, पोलीस, सरकार कोणाच्या खिशात आहेत ते तुला सांगायला हवं का. हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं आणि आवडलं.

तिने पाटी उतरवली. पेपर मागितला, उलटसुलट केला, कुठलीशी देवी निघाली ती दोन बोटांनी काढून पायरीवर ठेवली. मग खाली बघतच विचारलं, "कंच्या कोपऱ्याला असतं?"

"काय?"

"नंबर. कागदाच्या कंच्या कोपऱ्याला?"

मला आनंद झाला. जागरूक मतदार म्हणतात तो हाच, असं वाटलं. मी तिला पेपराच्या तुकड्यावर पेनने काढून दाखवलं. हा कागद, ही चिन्हांची बाजू, हा उलटा केला, हा नंबर. तिने तो तुकडा नीट घडी घालून चोळीत ठेवला.

मतदानाच्या दिवशी केंद्र म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतं. सकाळी आठ वाजता मास्तरांचा पोलिंग एजंट आत बसला आणि साडेआठला त्याला खुर्चीसकट बाहेर आणलं. खुर्ची त्याच्याच डोक्यात घातली. मी गेटाच्या बाहेर होते, धावत गेले, तर एकाने माझ्या तोंडावर उलटा हात मारला. दाताने ओठ आतून फाटला. हवालदाराने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, ताई, घरी जा, इथे लेडीजचं काम नाही. त्याच्या मागे शंभरेक बायकांची रांग उभी होती.

रांगेतली एकही हलली नाही. कोळणी साड्या कमरेला घट्ट खोचून उभ्या होत्या. पोरं येऊन कानाशी बोलत होती, नारळ, नंबर, होडी. एका म्हातारीला ढकललं, तिचं कपाळ फाटकाच्या कोयंड्यावर आपटलं. ती पदराने रक्त पुसत पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभी राहिली आणि पुढच्या बाईला म्हणाली, सरक की गो. मला वाटलं, माझ्या पत्रकाने हे केलं. केलं होतंच.

आत गेलेली प्रत्येक बाई बाहेर येताना उजवी मूठ मिटून येत होती. शाई लावलेल्या डाव्या बोटावर फुंकर मारायची आणि उजवी मूठ मिटलेली. मी बघितलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मावशी माझ्यासमोरून गेली, माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघून तिने चुकचुक केली आणि एक डोळा मिटला. खाडीच्या पुलाशी त्यांनी मुठी उघडल्या असाव्यात. पाण्यावर पांढरे कपटे तरंगत होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

मोजणीला मास्तरांनी मला प्रतिनिधी म्हणून नेलं. पोरगी शिकलेली आहे, लक्ष ठेवेल. मोठा हॉल, टेबलं, मध्ये जाळी. आमच्या केंद्राची पेटी उघडली आणि मतपत्रिका टेबलावर पडल्या. मोजणारा कारकून एक उचलतो, उलटी करतो, बाजूला ठेवतो. दुसरी उचलतो, उलटी करतो, बाजूला. पाचव्या-सहाव्याला त्याने साहेबांना हाक मारली.

प्रत्येक मतपत्रिकेचा तोच एक कोपरा फाडलेला होता. चिन्हाला धक्का नाही, शिक्का जागच्या जागी, मास्तरांच्या चिन्हावर, आणि पाठीवरचा नंबराचा तुकडा तेवढाच गेलेला. कात्रीने कापल्यासारखा.

साहेबांनी एक मतपत्रिका उजेडात धरली. मी जाळीतून ओरडून सांगितलं की शिक्का स्पष्ट आहे. ते माझ्याशी सभ्यपणेच बोलले. नंबर नसेल तर हा कागद आमचाच कशावरून? शिवाय मतदाराची ओळख पटेल अशी खूण असलेलं मत बाद होतं. फाडणं ही खूणच आहे. ओळख पुसण्यासाठी फाडलेला कोपरा हीच ओळख ठरली. बाद मतांचा गठ्ठा वाढत गेला आणि पलीकडच्या टेबलाशी उभा असलेला भराववाल्याचा माणूस आधी हसला. खो खो हसला. "येडे साले," म्हणाला, "स्वतःचीच मतं फाडून बसले." मग त्याचं हसणं थांबलं. त्याने गठ्ठ्याकडे बघितलं, पेटीवरच्या केंद्राच्या क्रमांकाकडे बघितलं. हे सगळे शिक्के मास्तरांचे होते आणि ही पेटी कोळीवाड्याची होती. कोणाचाही नंबर जुळवायची गरज उरली नव्हती. तो फोन करायला बाहेर गेला.

मास्तर जितक्या मतांनी हरले त्यापेक्षा बाद गठ्ठा जाड होता. मी तिथे थांबले नाही. रिक्षा करून कोळीवाड्यात गेले, मावशीला सांगायला, की आता घरात थांबू नका. मी पोहोचले आणि मागोमाग मिरवणूक आली.

बँजो, फटाक्यांच्या माळा, गुलाल. पहिली दहा मिनिटं ती मिरवणूकच होती. मग बँजो बंदराकडे वळला आणि नाचणाऱ्यांच्या हातात कोयते दिसले. वाळत घातलेली जाळी त्यांनी ओणवं होऊन, निवांत, भाजी चिरावी तशी चिरली. होड्यांच्या तळाला पहारीने भोकं पाडली. एकाने मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्याच्या डोळ्यांत मूठभर गुलाल घातला आणि तो आंधळा होऊन हात पसरून फिरत राहिला, त्याला इकडून तिकडे ढकलून खेळले. मी मावशीच्या दारात होते. भराववाला स्वतः आला. त्याच्या कपाळाला टिळा होता. तो हळू आवाजात बोलत होता.

फाडायची अक्कल कोणाची, असं त्याने विचारलं. एका पोराने मावशीच्या घरात हात घातला आणि देवाच्या फळीवरून माझा पेपराचा तुकडा काढून आणला. पेनने काढलेली मतपत्रिका, उलटी बाजू, कोपऱ्यात बाण. तिने तो जपून देवापाशी ठेवला होता.

तेव्हा माझे केस पकडले गेले. दोघांनी मावशीला उंबऱ्यावर बसवलं, तिचा उजवा हात दगडी पायरीवर ठेवला आणि एकाने मनगटावर टाच दिली. माझ्यासमोर पत्रक धरलं.

बंधू-भगिनींनो, मी वाचलं. तुमचं मत गुप्त आहे असं तुम्हाला सांगितलं जातं. होडीचा खुंटा ठोकायची मोगरी होती त्यांच्याकडे. मी थांबले की केस ओढायचे, "पुढे," म्हणायचे. मतपत्रिका उलटी करा. पहिलं बोट. मावशी ओरडली नाही, तिच्या छातीतून हुंकार आला, ओझं उचलताना येतो तसा. पाठीवर नंबर आहे. मी वाचलं. शब्द चुकले नाहीत. शेवटच्या ओळीला, शिरगणती म्हणताना, माझा आवाज नेहमीसारखा चढला. सवयीने. ते ऐकून एक जण हसला.

सिव्हिल हॉस्पिटलात मावशीने जबाब दिला की बंदरावर पाय घसरून पडले. चार बोटं कशी पडून मोडतात, हे कोणी विचारलं नाही. मी तिच्या पलंगाशी बसून म्हणत होते की आपण केस करू, मी साक्ष देते, या हरामखोरांना मी सोडणार नाही. तिने डाव्या हाताने मला गप्प राहायची खूण केली.

त्या हल्ल्याचं पत्रक छापायला मी पुन्हा डोंबिवलीला गेलेले. काकांनी मजकूर वाचला, मग कपाटातून एक लहान पत्र्याचा ट्रे काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात चार ओळींचे खिळे जुळवलेले होते, दोऱ्याने बांधलेले. मला उलटी अक्षरं वाचायला वेळ लागला. स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात उरणारे तुकडे, पाकिटात सीलबंद होतात, न्यायालयाच्या हुकमाविना उघडता येत नाहीत, मोजणीत त्यांचा संबंध येत नाही, निर्भयपणे मत द्या.

"म्हटलं, तू फोन करशील," ते म्हणाले. "म्हणून खिळे सुटे केले नाहीत."

बंदर पुढच्या दोन वर्षांत भरलं. मावशीची बोटं वाकडीच जुळली. ती आता वर्तकनगरच्या मार्केटात ओट्यावर बसते, सून मासे कापते. पेपरातले देव सून काढते आणि नीट निघत नाहीत, अर्धा हात, अर्धा मुकुट मासळीबरोबर जातो. मावशी बघत असते. मी पत्रकं लिहायची सोडली नाहीत. हल्ली कल्याणला असते, आंबिवलीपर्यंत फिरते. माझ्या पत्रकांना आता खाली चार ओळींची जागा असते. ती भरायची आठवण दर वेळी राहते असं मात्र म्हणणार नाही.

परवा कोलशेतच्या त्याच शाळेत मतदानाचं मशीन दाखवायला ठेवलेलं. आता कागद जाणार, बटण येणार, असं सगळीकडे चाललंय. मी मुद्दाम गेले, कारण माझ्या पिशवीत नव्या पत्रकाचा कच्चा मजकूर होता. पेटी निदान फोडून तरी बघता येते, हे यंत्र उघडून कोण बघणार, असं एक वाक्य त्यात होतं. जोरदार होतं.

मावशी सुनेबरोबर आलेली. कारकून सांगत होता की यात कोणी कोणाला मत दिलं ते कोणालाच कळत नाही. बायका एकेक करून बटण दाबत होत्या, लांबलचक पीं वाजत होतं, हसत होत्या. मावशीची पाळी आली. तिने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं, आवाज संपेपर्यंत ऐकला, आणि मग दोन्ही हातांनी, म्हणजे एक हात आणि एक पंजा, ते मशीन उचलून उलटं केलं. कारकून हां हां करत धावला.

"पाठीला नंबर नाय," ती म्हणाली. मग तिला मी दिसले. "पोरी. ह्याच्या आत हाय का?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या किती जणींनी त्या दिवशी मूठ मिटली होती, मला माहीत आहे. पिशवीतलं वाक्य जिभेवर आलेलं होतं.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. "मी आत बघितलेलं नाही."

भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात ती म्हणाली, "तवा असंच बोल्ली असतीस तं."

मग तिने मशीन टेबलावर सरळ ठेवलं आणि कारकुनाकडे वळली.

"उघड," ती त्याला म्हणाली. "आमी बसतो."

उघडता येत नाही आजी, सील असतं, साहेबांना विचारावं लागेल, असं तो सांगू लागला. बरं, विचार, म्हणाली, आणि पोरांच्या त्या बुटक्या बाकावर जाऊन बसली. सून बसली. आणखी दोघी-तिघी बसल्या. मावशीने वाकडा हात मांडीवर घेतला आणि बाकावर माझ्यापुरती जागा केली.